कडू औषध आणि मिटलेलं तोंड

दीड-दोन वर्षांच्या मुलाला कडू औषध पाजणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, अशी आपल्या घरांतली जुनी समजूत आहे. आजीने पायांवर आडवं घ्यायचं, बाबांनी हात धरायचे, काकूने नाक दाबायचं आणि श्वासासाठी तोंड उघडलं रे उघडलं की आईने चमचा रिकामा करायचा. ‘नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही’ ही म्हण इथे शब्दशः अमलात येते. निम्मं औषध मानेवरून ओघळतं, उरलेलं ओकारीबरोबर बाहेर पडतं आणि पुढच्या वेळी बाटलीच्या झाकणाचा आवाज आला तरी मूल पलंगाखाली शिरतं. दिवसातून तीनदा असं पाच दिवस चाललं, की घरातली सगळीच माणसं थकून जातात.

ही झटापट टाळता येते आणि ती टाळलीच पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. एक तर तिच्यात मुलाला खराखुरा धोका आहे. शिवाय मूल औषध नाकारतं तेव्हा आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो बहुतेक वेळा त्याच्या शरीराचा चोख कारभार असतो.

कडू चव ही निसर्गातली धोक्याची खूण आहे. झाडांना पळून जाता येत नाही, म्हणून खाणाऱ्यापासून वाचण्यासाठी अनेक वनस्पती विषारी द्रव्यं तयार करतात आणि त्यांतली पुष्कळशी जहरी कडू असतात. कुचल्याच्या बियांमधलं स्ट्रिक्निन हे त्याचं उदाहरण. सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइनही त्याच कुळातलं, फक्त ते योग्य मात्रेत हिवतापावर औषध ठरलं. गोड चव ओळखायला आपल्या जिभेवर मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. कडू ओळखायला मात्र 25 च्या आसपास वेगवेगळे ग्राहक आहेत. गोड कळण्यात थोडी चूक झाली तर बिघडत नाही, विष ओळखण्यात झाली तर जीव जातो. नवजात बाळाच्या जिभेला साखरेचं पाणी लावलं तर ते चोखू लागतं, कडू काही लागलं तर तोंड वेडंवाकडं करतं. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. पुढे मूल चालायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं, नेमकी तेव्हाच ही पहारेकऱ्याची सोय त्याच्या सर्वांत जास्त कामाची असते. दोन ते सहा या वयात तर अनोळखी चवीबद्दलचा संशय ऐन भरात असतो.

मुलामुलांतही फरक असतो. 1931 साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी पूड हाताळत होते. थोडी हवेत उडाली. शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याने ती फार कडू असल्याची तक्रार केली. फॉक्स यांना काहीच चव लागेना. या पुडीला आपण पीटीसी म्हणतो. तिचा कडवटपणा कुणाला लागावा आणि कुणाला लागू नये, हे ठरवणाऱ्या जनुकाचा शोध 2003 साली लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं आणि त्यांच्या आया यांची एकत्र तपासणी केली. या जनुकाची एक संवेदनशील आणि एक मंद अशी जोडी असलेल्यांमध्ये मुलांना कडवटपणा मोठ्यांपेक्षा सहज कळतो, असं त्यांना आढळलं. तेव्हा ‘मला तर काही एवढं कडू लागलं नाही’ असं म्हणणारी आई खोटं बोलत नसते आणि तोंड फिरवणारं मूलही नाटक करत नसतं. ‘ताई बघ कशी शहाण्यासारखी प्यायची’ ही तुलनाही म्हणूनच अन्यायाची आहे. ताईची जीभ कदाचित वेगळी असेल.

आता धोक्याविषयी. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं दार क्षणभर मिटतं. रडणारं मूल हुंदक्यासरशी खोल श्वास आत ओढतं आणि त्या वेळी हे दार सताड उघडं असतं. नाक दाबलेलं, मान मागे, त्यात घशात ओतलेलं पाच मिली सिरप, अशा अवस्थेत औषध फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. नुसता ठसका लागून निभावतं तेव्हा आपलं नशीब चांगलं असतं. तेलकट पदार्थांत तर हा धोका अधिक, कारण तेलामुळे खोकल्याची उबळ नीट येत नाही आणि ते गुपचूप खाली उतरतं. एरंडेल किंवा तूप बळजबरीने पाजल्यामुळे, नाकात तेल-तूप सोडल्यामुळे लहान बाळांना न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अनेकदा नोंदवलेली आहेत. आजीच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण आडवं धरून, नाक दाबून पाजणं बंद झालंच पाहिजे.

मग पाजायचं कसं? साधन म्हणून बिनसुईची सिरिंज घ्या. केमिस्टकडे ती अगदी स्वस्तात मिळते. तिच्या टोकावर छोटं टोपण असेल तर ते आधी काढून कचऱ्यात टाका, कारण ते मुलाच्या घशात अडकू शकतं. मुलाला मांडीवर उभट बसवायचं, पाठ आपल्या छातीला किंवा दंडाला टेकलेली, डोकं कोपराच्या खळग्यात, मान किंचितही मागे नाही. मुलाचा एक हात आपल्या काखेखालून पाठीमागे गेला की तो आपोआप अडकून राहतो, धरून ठेवावा लागत नाही. सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या पोकळीत न्यायचं आणि गालाच्या दिशेने वळवायचं. मग दट्ट्या हळूच दाबून अर्धा ते एक मिली सोडायचं आणि थांबायचं. गळा हलताना दिसला, म्हणजे गिळलं. मग पुढचा घोट. पाच मिलीला असे पाच ते दहा घोट लागतात, पण सगळा कार्यक्रम मिनिटा-दोन मिनिटांत आटोपतो.

गालातच का, याला कारण आहे. जिभेच्या पृष्ठभागावर चव ओळखणाऱ्या कळ्या दाटीने असतात, गालाच्या आतल्या बाजूला फारच थोड्या. जुन्या पाठ्यपुस्तकांत जिभेचा नकाशा असे: टोकाला गोड, मागे कडू. तो चुकीचा ठरला आहे, सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात. तेव्हा जिभेवर नेम धरून चव चुकवता येत नाही आणि फार मागे गेलं की ओकारी येते. गालाची पोकळी या दोन्हींतून वाचवते.

आपल्याकडच्या बायकांना ही जागा पूर्वीपासून ठाऊक होती, असं म्हणायला हरकत नाही. बाळाला दूध किंवा गुटी पाजायचं चांदीचं बोंडलं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना त्याची निमुळती चोच आठवेल. ती ओठांच्या कोपऱ्याशी टेकवून थेंब थेंब सोडायची पद्धत होती. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर हलकी फुंकर घातली की ते पटकन गिळतं, हेही जाणत्या बाया करत आल्या आणि वैद्यकशास्त्राने ही प्रतिक्षिप्त क्रिया रीतसर नोंदवली आहे. मूल मोठं होत गेलं की ती मावळते, त्यामुळे अडीच वर्षांच्या मुलावर फुंकर घालून उपयोग नाही. गुटीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं: पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, उगाळलेलं वेखंड-जायफळही नको.

चमच्याचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. ‘एक चमचा द्या’ म्हणजे किती? औषधाच्या भाषेत एक चहाचा चमचा म्हणजे 5 मिली. पण घरातल्या चमच्यांत अडीच मिलीपासून सात मिलीपर्यंत काहीही मावतं, हे मोजून पाहिलेलं आहे. 2016 साली अमेरिकेत दोन हजारांहून अधिक पालकांना वेगवेगळ्या मात्रा मोजायला दिल्या, तेव्हा 84 टक्के पालकांची निदान एकदा तरी चूक झाली आणि सिरिंजपेक्षा मापाच्या कपाने मोजताना चुका कितीतरी जास्त झाल्या.

तापाचं औषध घेऊ. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत निदान चार तासांचं अंतर हवं. म्हणजे दहा किलोच्या मुलाला 100 ते 150 मिलिग्रॅम. आपल्या दुकानांत हेच औषध तीन-चार रूपांत मिळतं. एका सिरपमध्ये पाच मिलीत 120 मिलिग्रॅम, दुसऱ्यात पाच मिलीत 250 मिलिग्रॅम आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच 100 मिलिग्रॅम. त्यामुळे या मुलाला पहिल्याचे पाच मिली लागतील, दुसऱ्याचे अडीच आणि ड्रॉप्सचा जेमतेम एक ते दीड मिली. आता ‘लहानांचं औषध आहे, हलकंच असणार’ असं समजून कुणी ड्रॉप्स चमचाभर पाजले, तर पाचशे मिलिग्रॅम पोटात जातात. हा घोटाळा घराघरांत होऊ शकतो आणि यकृताला तो महाग पडू शकतो.

याच हिशेबात पालकांच्या फायद्याची एक गोष्टही दडलेली आहे. औषध जितकं तीव्र, तितके घोट कमी. सात-आठ मिली थुंकून टाकणारं मूल तीन मिली सहज घेतं. अनेक प्रतिजैविकं दोन तीव्रतांत मिळतात. तेव्हा ‘डॉक्टर, यातलं जास्त पॉवरचं, कमी मात्रेचं काही आहे का?’ असं जरूर विचारावं. पाण्यात विरघळणारी गोळी, ताप असताना उलट्या होत असतील तर गुदमार्गे ठेवायची पॅरासिटामॉलची गोळी, हेही पर्याय असतात. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक औषध आणि घरात जुन्या बाटलीत दुसऱ्या तीव्रतेचं, असं असेल तर ती जुनी बाटली वापरू नये.

पूड पाण्यात मिसळून करायच्या औषधांतही मोठी गफलत होते. बाटली आधी ठोकून-हलवून पूड सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी थोडं घालून हलवायचं, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. प्रत्येक वेळी देताना परत हलवणं आवश्यक, नाहीतर औषध तळाला बसतं, पहिले डोस पाणचट जातात आणि शेवटचे डोस तीव्र नि जास्त कडू होतात. पाचव्या दिवशी मूल एकाएकी अडून बसलं तर कारण तळाशी असू शकतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखं औषध कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवतात आणि सात दिवसांत संपवतात. उरलेलं पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवायचं नसतं.

कशात मिसळावं, हा आयांचा पहिला प्रश्न असतो. शक्यतो मिसळू नये, हे पहिलं उत्तर. मिसळायचंच असेल तर एक-दोन चमच्यांपेक्षा जास्त खाऊ घेऊ नये आणि तो पूर्ण संपेल याची खात्री हवी. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध घातलं, मुलाने निम्मी टाकली, की किती औषध गेलं याचा हिशेब लागत नाही. वर दुधाची चव बिघडली म्हणून मूल दूधच नाकारू लागलं, तर दुहेरी नुकसान. वरणभात, खिमट या रोजच्या जेवणात तर औषध लपवूच नये. आजारात मूल दोन घास खातंय, त्यावरचा त्याचा विश्वास आपण मोडायचा नाही. आमरस, गुळाचा पाक, केळ्याचं शिकरण, जॅम, श्रीखंड असे दाट आणि ठसठशीत चवीचे पदार्थ कडवटपणा चांगला झाकतात. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नाही, चाटणातही नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दुसरी एक चकवणारी बाब आंबट रसाची. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी काही औषधं संत्र्या-मोसंबीच्या रसात अधिकच कडू होतात, कारण आंबटपणामुळे कडू कणांवरचं आवरण सुटतं. लोहाच्या औषधाचं नेमकं उलट आहे. त्याला लिंबाचा, आवळ्याचा रस मानवतो, तर दूध आणि चहा यांच्यामुळे लोह शरीरात कमी शोषलं जातं. म्हणून लोहाचं औषध दुधातून देऊ नये. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली सिरप देतात. त्याने दात काळे दिसतात ही तक्रार खरी, पण तो डाग वरवरचा असतो. औषध गालात सोडून वर पाणी पाजलं की तो बराच टळतो.

पाजण्यापूर्वी जिभेला थंडगार दह्याचा किंवा आइस्क्रीमचा एक चमचा मिळाला तर चव थोडी बोथट होते. लोणी किंवा साजूक तुपाचं बोट चाटवलं तर जिभेवर थर बसतो. औषधाला दूध-दही चालत नसेल तर हे उपाय टाळावेत, म्हणून आधी विचारून घ्यावं. औषधानंतर लगेच आवडीचा घोट हवा. तो हातात तयार ठेवावा, औषध पाजून झाल्यावर स्वयंपाकघरात शोधत बसू नये.

एवढं सगळं करूनही मूल सहकार्य करेल की नाही, हे पुष्कळसं आपण काय बोलतो यावर ठरतं. ‘गोड आहे, बघ, चॉकलेट आहे’ हे वाक्य फक्त एकदाच चालतं. जीभ खोटेपणा ताबडतोब पकडते. शिवाय औषधाला खाऊ म्हटलं की दोन वर्षांचं मूल उद्या कपाटातली बाटली खाऊ म्हणूनच तोंडाला लावेल. ‘नाही घेतलंस तर डॉक्टरकाका टोचतील’ ही धमकी त्याहून वाईट. पुढच्या प्रत्येक लसीच्या वेळी तिची किंमत मोजावी लागते. आमच्या शेजारी दोन वर्षांची एक मुलगी आहे. तिचे बाबा तिला म्हणतात, “पिल्ला, हे कडू आहे. मलाही कडू लागलं. एक, दोन, तीन, चार झालं की संपलं. लाल वाटी हवी की निळी?” ती वाटी निवडते, कधी दट्ट्या स्वतः दाबते, तोंड वाकडं करते आणि वर पेरूची फोड मागते. औषध घ्यायचं की नाही हा पर्याय तिला दिलेलाच नसतो. कुठे बसून, कशातून, आधी बाहुलीला की तिला, एवढेच निर्णय तिचे. या वयाच्या मुलाला तेवढी सत्ता पुरते.

औषध घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर डॉक्टरांना फोन करून पुन्हा द्यायचं का, ते विचारावं. तासाभरानंतरच्या उलटीत बहुधा पुन्हा देण्याची गरज पडत नाही. थोडं थुंकलं असेल तर अंदाजाने भर घालू नये. गोळ्यांच्या बाबतीतही सांभाळायला हवं. राष्ट्रीय जंतनाशक दिनी एक ते दोन वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची अर्धी गोळी देतात. ती दोन चमच्यांमध्ये कुस्करून पाण्यात कालवूनच द्यायची, कारण अख्खी गोळी घशात अडकू शकते. मात्र प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, तेव्हा विचारल्याशिवाय कुटू नका.

काही वेळा तर या झटापटीचं कारणच नसतं. साध्या सर्दीला प्रतिजैविकाचा उपयोग नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापायला लावली. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी सिरपने मुलं दगावली. उपचारासाठी त्यांतल्या अनेकांना नागपूरला आणलं होतं. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना ती सहसा नकोतच, असं बजावलं. वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध पुष्कळदा पुरतो. तापाचंही तसंच. मूल खेळतंय, पितंय, ताप थोडाच आहे, तर आकडा खाली आणण्यासाठी त्याला धरून पाजण्याची घाई नको.

पण जिथे औषध खरंच लागतं आणि महिनोन्‌महिने लागतं, तिथे चवीचा प्रश्न जीवनमरणाचा होतो. लहान मुलांच्या क्षयरोगात अनेक महिने रोज औषध घ्यावं लागतं. अनेक वर्षं मोठ्यांच्या कडू गोळ्या मोडून, कुटून त्यांना देत असत. पाण्यात विरघळणाऱ्या, फळाच्या चवीच्या, मुलांच्या मात्रेच्या गोळ्या जगात जाहीर झाल्या त्या डिसेंबर 2015 मध्ये. एचआयव्हीबाधित बाळांचं जुनं सिरप तर इतकं वाईट चवीचं होतं, की ते पाजणं हीच आयांची रोजची परीक्षा असे. त्यात सुमारे 40 टक्के अल्कोहोल होतं. मुंबईच्या सिप्ला कंपनीने डीएनडीआय या संस्थेबरोबर 2019 मध्ये त्याला पर्याय पुढे आणला: चार औषधं एकत्र, स्ट्रॉबेरीच्या चवीचे कण, कॅप्सूल उघडून खाण्यावर भुरभुरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना साजेशी औषधं बनवा अशी मोहीम 2007 मध्ये सुरू केली, हे लक्षात घेतलं म्हणजे मुलांच्या जिभेचा विचार किती उशिरा झाला, ते कळतं.

आपल्या हातात जे आहे ते आजच करता येतं. दवाखान्यातून निघण्यापूर्वी चिठ्ठीवर दोन आकडे आहेत का पाहा: एका वेळी किती मिली आणि औषधाची तीव्रता किती. ‘एक चमचा’ लिहिलं असेल तर तिथेच विचारून मिलीत लिहून घ्या. केमिस्टकडून बाटलीबरोबर सिरिंज मागा आणि हे औषध कशात मिसळलं तर चालतं, तेही विचारा. पाजताना ठसका लागून खोकला थांबेना, श्वास घरघरू लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट न पाहता मुलाला जवळच्या रुग्णालयात न्या.